प्रार्थनेला लेकरं खाली बसतात, सकाळचा नाश्ता कसा सुरू करू?

एका वाचक ताईंचं पत्र:

"आमचं गाव बीड जिल्ह्यात. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवी, पट ८४, रोज सत्तरेक मुलं येतात. दहाला शाळा भरते. दुपारी खिचडी मिळते, पण सकाळी बरीच लेकरं काहीच न खाता येतात. आई-बाप पहाटेच रानात जातात. काहींचे तर ऊसतोडीला कारखान्यावर जातात आणि मुलं आजीपाशी राहतात. प्रार्थनेला रोज दोघं-तिघं तरी घेरी येऊन खाली बसतात. आमचा बचत गट १२ जणींचा. या मुलांना सकाळी काहीतरी द्यायचं ठरलंय. कुणी म्हणतं बिस्किटाचा पुडा द्या, कुणी म्हणतं फक्त गरिबाच्या मुलांना द्या, म्हणजे खर्च झेपेल. काही झालं तर आपल्यावर येईल अशी गुरुजींना भीती वाटते. गावातले एक दुकानदार मोठं पातेलं द्यायला तयार आहेत, किती लिटरचं मागू? आणि सुरुवात कुठून करू?"

ताई, नाश्ता थोडा असू द्या, पण एकही दिवस चुकू देऊ नका. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे. शाळेत सकाळी खायला मिळतं हे घरी कळलं की आठ-पंधरा दिवसांत आजी रात्रीची अर्धी भाकरी राखून ठेवणं बंद करते. मग तुमचा एक दिवस चुकला तर त्या दिवशी लेकराला भाकरीही नाही आणि नाश्ताही नाही, म्हणजे आधीपेक्षा वाईट. म्हणून पहिल्या आठवड्यात शिरा-पुरी करून दुसऱ्या महिन्यात थकण्यापेक्षा, वर्षभर झेपेल एवढंच हाती घ्या.

नाश्त्याच्या आधी एक काम करा. दुपारची खिचडी एकदा वजनाने बघा. शासनाच्या योजनेत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं असतं. सहावी ते आठवीला हेच १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. तुमच्याकडे एखाद्या दिवशी लहान वर्गांची ५२ आणि सहावी-सातवीची १८ मुलं हजर असतील, तर त्या दिवशी पातेल्यात ७ किलो ९०० ग्रॅम तांदूळ, साधारण १ किलो ६०० ग्रॅम डाळ, जवळजवळ ४ किलो भाजी आणि ४०० ग्रॅमच्या आसपास तेल जायला हवं. बहुतेक ठिकाणी तांदूळ बरोबर असतो, कमी पडते ती डाळ आणि भाजी. खिचडी पिवळी दिसली म्हणजे त्यात डाळ आहे असं नाही, पिवळेपणा हळदीचाही असतो. कमी आढळलं तर भांडण न करता मुख्याध्यापकांशी बोला. कधी धान्य उशिरा आलेलं असतं, कधी भाजीचे पैसे थकलेले असतात. ती भोकं आधी बुजली तर निम्मी लढाई तिथेच होते, आणि तीही तुमच्या गटाचा रुपया न लागता.

दुसरी चौकशी ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांची. तुमच्या जिल्ह्यात स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना राबवली जाते. नाव वसतिगृहाचं असलं तरी मुख्य सोय सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची. आपल्या शाळेने त्याचा प्रस्ताव पाठवलाय का, हे दिवाळीआधीच विचारा. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर निघून गेल्यावर विचारलं तर मंजुरी येईपर्यंत अर्धा हंगाम सरतो. आणि तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला असेल तर उन्हाळी सुट्टीतही शाळेचा आहार द्यायची तरतूद आहे. तीही मागून घ्यावी लागते.

आता फक्त गरिबांच्या मुलांना द्यावं का, याबद्दल. कृपा करून तसं करू नका. वर्गातून नावं पुकारून दहा-पंधरा मुलांना बाहेर काढलं की दुसऱ्या दिवसापासून त्यातली निम्मी "मी जेवून आलोय" म्हणू लागतात. सहावी-सातवीच्या मुली तर हमखास. जिला सगळ्यात जास्त गरज तीच मागे सरते. जो शाळेत आला त्याला मिळेल, एवढा एकच नियम ठेवा. घरून खाऊन आलेलं मूल आपोआप कमी घेतं, त्यामुळे खर्च वाटतो तेवढा वाढत नाही. आणखी एक, लहान वर्गांतल्या मुलींच्या कडेवर धाकटं भावंड असतं. अशी पाच-सहा वाटपं रोज जास्तीची धरा. ती धरली नाहीत तर मुलगी आपल्यातलं अर्धं भावाला भरवते आणि तुमच्या वहीत मात्र "खाल्लं" अशी खूण पडते.

बिस्किटाच्या पुड्याचं उत्तर सरळ आहे: नको. त्यात मैदा, साखर आणि तेल. तासाभरात पुन्हा भूक. तेवढ्याच पैशांत शेंगदाणा आणि गूळ येतो. चहाही नको, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि या मुलांना नेमकं तेच कमी असतं.

गुरुजींची भीती रास्त आहे, ती कागदावरच मिटवावी लागेल. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव घ्या. या समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे हा ठराव गावाचाच होतो. त्यात लिहा: नाश्ता कोण देणार, किती वाजता, कुठे शिजणार, कोण चव घेणार, वही कोण ठेवणार. गटाच्या अध्यक्षा आणि मुख्याध्यापक दोघांच्या सह्या, एक प्रत केंद्रप्रमुखांकडे. पालकांकडून आणखी एका कागदावर सही घ्या. त्यावर दोनच प्रश्न पुरेत. मूल अंडं खातं का? कोणता पदार्थ त्याला सोसत नाही का? शेंगदाण्याने अंगावर गांधी उठणारं किंवा ओठ सुजणारं एखादं मूल निघू शकतं. त्याच्यासाठी त्या दिवशी फुटाणे. ही माहिती वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, कारण वाढणारी रोज बदलणार आहे.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. शाळेच्या कोठीतल्या तांदूळ-डाळीला नाश्त्यासाठी हात लावायचा नाही, अगदी उसनवारीनेही नाही. तो साठा रोजच्या हजेरीशी जुळवून दाखवावा लागतो. दोन किलोचा फरक निघाला तरी गुरुजींना उत्तर द्यावं लागतं, आणि मग तुमचा उपक्रम त्याच दिवशी बंद. तुमचं सामान वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात.

आता सत्तर मुलांचा हिशेब. पहिले पंधरा दिवस शाळेत चूल पेटवूच नका. रोज लाडू, फुटाणे-गूळ आणि केळं यांवरच चालवा. तेवढ्यात वेळेची, हात धुण्याची आणि वाढण्याची घडी बसते. मग शिजवलेल्याकडे वळा.

लाडू म्हणजे मुलामागे २० ग्रॅम शेंगदाणे आणि १२ ग्रॅम गूळ. सत्तर लाडवांना १ किलो ४०० ग्रॅम दाणे आणि ८५० ग्रॅम गूळ. दाणे मंद आचेवर पार आतपर्यंत भाजा. वरून तपकिरी आणि आतून पांढरे राहिले तर लाडू चौथ्या दिवशी खवट लागतो. सालं पाखडा, कोमट असतानाच भरड कुटा, किसलेला गूळ मिसळून लगेच वळा. गार झाल्यावर वळत नाहीत आणि मग बाया पाण्याचा हात लावतात. तिथेच लाडू बिघडतो, पाण्याने त्याला बुरशी धरते. हात कोरडा हवा. वळत नसतील तर थोडे दाणे जास्त बारीक कुटून त्यांचं तेल सुटू द्या. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात आठवडाभर राहतात. निवडताना सुरकुतलेला, काळपट, हिरवट डाग पडलेला किंवा कडू दाणा निष्ठुरपणे फेकून द्या. त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. स्वस्तात मिळाले म्हणून तुकडा दाणे घेणं इथेच महागात पडतं. कडेवरच्या लहानग्यांना अख्खा दाणा किंवा फुटाणा कधीच नको, ठसका लागून घशात अडकतो. त्यांना लाडू कुस्करूनच द्या.

नाचणीची आंबील सोमवारी ठेवा. मुलामागे २० ग्रॅम पीठ, म्हणजे १ किलो ४०० ग्रॅम, पाणी एकूण १४ लिटर, गूळ १ किलो. यातलं ३ लिटर गार पाणी बाजूला घेऊन त्यात पीठ कालवा, हाताने गुठळ्या मोडा. उरलेलं ११ लिटर उकळवा आणि एकीने ढवळत असताना दुसरीने कालवलेलं पीठ धारेने सोडा. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की वरून शिजलेली आणि आतून कोरडी अशी गोटी होते, मग कितीही घोटा, फुटत नाही. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं बुडापासून ढवळत शिजवा, कच्चट वास गेला की झाली. गूळ शेवटी. दूध घालणार असाल तर आंबील कोमट झाल्यावर, नाहीतर गुळाने फाटतं. उन्हाळ्यात गोडाऐवजी मीठ-जिरं घाला आणि गार झाल्यावर ताक मिसळा. मुलांना ती जास्त आवडते. आंबील नुसती पुरत नाही, सोबत २० ग्रॅम फुटाणे द्याच.

उसळीसाठी मुलामागे ३० ग्रॅम कोरडे हरभरे, म्हणजे २ किलो १०० ग्रॅम. रात्री भिजवले की दुप्पट होतात. दहा लिटरचे दोन कुकर घ्या, पण निम्म्याच्या वर भरू नका, फेस शिट्टीत अडकतो. सोडा घालू नका, त्याने जीवनसत्त्व जातं. चिंच किंवा टोमॅटो शिजल्यावरच घाला, आधी घातलं तर दाणा टणक राहतो. उतरवताना लिंबू पिळा. मटकीला मोड आणणार असाल तर लक्षात ठेवा, मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. त्यामुळे कच्चे मोड कधीही वाढू नका, दहा मिनिटं वाफ हवीच. आणि सकाळी फडकं सोडल्यावर आंबूस वास आला किंवा बोटाला बुळबुळीत लागलं तर ते सगळं गुरांपुढे, मुलांपुढे नाही. त्या दिवसासाठी लाडवाचा डबा आहेच.

पोहे सोपे वाटतात, पण मोठ्या प्रमाणावर तेच जास्त फसतात. सत्तर मुलांना जाड पोहे २ किलो ८०० ग्रॅम, कांदे दीड किलो, दाणे ३०० ग्रॅम, तेल ३५० ग्रॅम. एकदम भिजवले तर खालचे लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात. चाळणीत किलोकिलोचे घाणे करून दोन पाण्यातून काढा, निथळत ठेवा, पाच-सात मिनिटांनी मीठ-हळद लावा. फोडणीही दोन वेळा, प्रत्येक वेळी निम्म्या पोह्यांना. तीन किलोचा एकच घाणा उलथताना बूड लागतं आणि जळका वास सगळ्याला येतो. भिजवणं शाळेतच करा. घरून ओले करून आणलेले पोहे दोन तासांत चिकट होतात.

असा आठवडा लावता येईल: सोमवारी आंबील-फुटाणे, मंगळवारी लाडू, बुधवारी अंडं आणि फुटाणे, गुरुवारी उसळ, शुक्रवारी पोहे, शनिवारी अर्धी शाळा म्हणून पुन्हा लाडू. प्रत्येक दिवशी मुलाला सव्वाशे ते सव्वादोनशे कॅलरी मिळतात. यापेक्षा जास्त देऊ नका. दुपारच्या खिचडीतून लहान मुलांना ४५० आणि मोठ्यांना ७०० कॅलरी मिळाव्यात असं मोजमाप आहे. सकाळी पोट गच्च भरलं तर ती ताटात राहते. वेळ पावणेदहाची, म्हणजे मधे तीन तास जातात आणि दुपारी भूक लागते. खिचडी उरू लागली की समजा, नाश्ता जास्त होतोय किंवा उशिरा होतोय.

चार आठवड्यांना साधारण साडेबारा किलो शेंगदाणे, ११ किलो गूळ, सव्वाअकरा किलो फुटाणे, साडेआठ किलो हरभरे, ११ किलो २०० ग्रॅम पोहे, ५ किलो ६०० ग्रॅम नाचणीचं पीठ, सव्वादोन किलो तेल आणि अंडी २८०. भावंडांचं वाटप धरून प्रत्येक आकड्यात शेकडा दहा मिळवा. तुमच्या दुकानातले भाव यापुढे लिहा, गॅस धरा, आणि येणाऱ्या रकमेला दहाने गुणा. शाळेचं वर्ष म्हणजे हेच दहा महिने. निम्मी रक्कम हाती आल्याशिवाय सुरुवात करू नका, असा आमचा आग्रह आहे.

पैशांपेक्षा धान्य मागणं गावात सोपं जातं. सुगी झाल्यावर पायली-दोन पायली हरभरा कुणी नाही म्हणत नाही. मार्चमध्ये पन्नास रुपये मागितले तर मात्र हात आखडतो. भुईमूग शेंगांसकट घ्या, फोडलेले दाणे लवकर खवट होतात. हरभरा कडक उन्हात वाळवून कोठीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. वाढदिवसाला जिलेबी वाटायला येणारे लोक भेटतील. त्यांना दुखवू नका, "त्याच पैशांत बुधवारची अंडी द्या आणि स्वतः येऊन वाढा" म्हणा. शासनाच्या योजनेतही लोकांनी असं जेवण द्यायची पद्धत आहे, आपल्याकडे तिला स्नेहभोजन म्हणतात. फक्त हातात वाटी घेतलेल्या मुलांचे फोटो काढून गावभर मोबाईलवर फिरवू देऊ नका. ते मूल उद्या मोठं होणार आहे.

अंड्याबद्दल थोडं जास्त, कारण एवढ्या पैशांत सहा ग्रॅम चांगली प्रथिनं दुसरीकडे मिळत नाहीत. शाळेच्या आहारात आठवड्याला अंडं द्यायची सोय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये केली होती. २०२५ च्या सुरुवातीला मात्र त्याचा वेगळा निधी थांबला आणि ते लोकवर्गणीवर सोडलं गेलं. हे चुकीचंच झालं असं आम्हाला वाटतं, पण मुलं शासन निर्णयाची वाट बघत वाढायची थांबत नाहीत. तुमच्या गटाने एवढं एक उचललं तरी मोठं काम. तीन ट्रे आणा म्हणजे ९० होतात. पाण्यात तरंगणारी आणि तडा गेलेली बाजूला काढा. गार पाण्यात लावून उकळी आल्यावर बारा मिनिटं. कवच शाळेतच सोलायचं, आधी सोलून आणायचं नाही. न खाणाऱ्यांना केळं, तेही त्याच पंगतीत, त्याच वेळी. वेगळी रांग लावू नका.

पंगतीवरून आठवलं. बाराजणींत सगळ्या आळ्यांतल्या बाया असतील तर उत्तम, नसतील तर दोघी-तिघींना जोडून घ्या, आणि त्यांना भांडी घासायला नव्हे, शिजवायला आणि वाढायला बसवा. एखादा पालक "अमकीच्या हातचं आमचं पोर खाणार नाही" म्हणेल. तेव्हा त्या बाईला त्या दिवसापुरतं बाजूला करायचं, हा समेट अजिबात करू नका. एकदा केला की कायमचा होतो. तिच्याच हातून वाढा, गुरुजींनी आणि सरपंचांनी मुलांबरोबर बसून खावं. मुलं दोन दिवसांत विसरतात.

आता जिथे जरासुद्धा ढिलाई चालणार नाही ते. १६ जुलै २०१३ ला बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलेलं होतं. आपल्याकडे कापूस-सोयाबीनच्या घरांत फवारणीची औषधं माजघरात ठेवलेली असतात आणि त्यांचे रिकामे डबे धुऊन वापरले जातात. म्हणून नियम: तेल, गूळ, पीठ, काहीही कुणाच्या घरच्या डब्यातून आणायचं नाही. तेल बंद पिशवीतलं, शाळेतच फोडायचं. दान आलेलं धान्य फवारणीचं सामान ठेवलेल्या खोलीतलं नाही ना, हे स्वतः बघून घ्यायचं. शंका आली तर घेऊच नका.

वाढण्याच्या अर्धा तास आधी दोन मोठी माणसं चव घेतील, त्यातले एक शिक्षक. चव म्हणजे बोट लावणं नाही, वाटीभर खाणं. मग वहीत वेळ आणि सही. एक वाटी नमुना झाकण लावून चोवीस तास फ्रिजमध्ये, शाळेत नसेल तर जवळच्या घरी. शिजवलेलं दोन तासांच्या आत संपवायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी नाही, गरम करूनही नाही. ज्या बाईच्या बोटाला जखम, गळू किंवा पू आहे, किंवा जिला उलट्या-जुलाब होताहेत, तिने त्या दिवशी अन्नाला हात लावायचा नाही. अशा जखमेतले जंतू अन्नात जे विष सोडतात ते उकळूनही मरत नाही आणि चार-पाच तासांत सगळ्या वर्गाला उलट्या सुरू होतात. तसं झालंच तर १०८ ला फोन, उरलेलं अन्न आणि नमुना तसाच राखून ठेवा, भांडी घासू नका. घाबरून पातेलं धुऊन टाकलं की डॉक्टरांना कारणच सापडत नाही.

हात धुण्यासाठी साबणाच्या वड्या जुन्या मोज्यात घालून नळाशेजारी टांगा, म्हणजे हरवत नाहीत, चिखलात पडत नाहीत. प्यायच्या पाण्यात टाकायला आशाताईंकडे मेडिक्लोरची बाटली मिळते का बघा, प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं. गरम पातेलं मुलांच्या रांगेच्या वाटेत जमिनीवर कधीच ठेवू नका. ते बाकावर, भिंतीला लागून, आणि रांग एकाच बाजूने.

पाळ्यांचं असं करा. सहा दिवस, रोज दोघी, म्हणजे बाराही जणी अडकतात. एक आजारी पडली की गाडी अडते. त्याऐवजी लाडवाच्या दोन्ही दिवसांना वाढायला एकच जोडी ठेवा, म्हणजे दोघी मोकळ्या राहतात. त्या राखीव. उपक्रम बंद पडतात ते बहुतेक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी सुरू झाल्यावर. सकाळी आठला कुणालाच सवड नसते. ते पाच-सहा आठवडे आत्ताच कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि त्या काळात फक्त लाडू, फुटाणे, केळी द्या. सकाळची शाळा सुरू झाल्यावरही तेच. तेव्हा आहाराची सुट्टी लवकर होते, भरण्याआधी एक लाडू पुरतो. आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंवर हे काम फुकटात ढकलू नका. त्यांचं मानधन आधीच तुटपुंजं. त्यांची मदत लागली तर गटाच्या पैशांतून त्यांना वेगळे पैसे द्या. तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईपासून सरकारी शाळांत सकाळचा नाश्ता सुरू केला, त्यात शिजवायला बचत गटांच्या महिलाच आहेत, पण पगारावर. तुमची वही नीट राहिली तर उद्या जिल्हा परिषदेकडे तसंच मागताना तीच कामी येईल.

वहीत रोज चारच गोष्टी: हजेरी किती, खाल्लं कितींनी, उरलं किती, चव घेणाऱ्यांच्या सह्या. दर तीन महिन्यांनी वजन आणि उंची, त्याच काट्यावर, त्याच वेळी. जंताची गोळी वर्षातून दोनदा मिळते, त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी ठेवून नंतर द्यायला लावा. पोटात जंत असतील तर तुमचा लाडू त्यांच्याच वाट्याला जातो. लोहाची साप्ताहिक गोळी रिकाम्या पोटी घेतल्याने मुलांना मळमळतं आणि ती नंतर थुंकून टाकतात. ती जेवणानंतरच हवी. आणि नाश्ता सुरू होऊनही एखादं मूल प्रार्थनेला बसतच राहिलं तर भूक हे कारण नाही असं समजून आरोग्य केंद्रात दाखवा.

आता पातेलं. दुकानदार भाऊंना ५० लिटरचं मागू नका. वीस लिटरची दोन मागा, जाड बुडाची, घट्ट झाकणाची, दोन्ही बाजूंना रुंद कड्यांची. १४ लिटर आंबील वीसच्या पातेल्यात उतू न जाता शिजते. भरलेलं पातेलं भांड्यासकट अठरा-वीस किलो होतं, दोघी ते कडी धरून न डुचमळता उतरवू शकतात. पन्नासच्या पातेल्यात तीच आंबील तळाशी पसरून करपते, आणि भरून केलं तर चौघींनाही उचलत नाही. दुसऱ्या पातेल्यात अंडी उकडतात, पोहे झाकून ठेवता येतात. भाऊंचा हात आणखी सैल असेल तर २०० मिलिलिटरचं एक ओगराळं आणि ५ किलोचा तराजू मागून घ्या. प्रत्येकाला सारखं वाढलं जातंय की नाही, हे त्या ओगराळ्यावरच ठरेल.